उघडी राहिलेली पेटी

१

ही गोष्ट २०२४ सालची, ऑगस्ट महिन्यातली. अमरावतीच्या कै. गोपिकाबाई विद्यालयाने त्या गुरुवारी व्यसनमुक्तीची रॅली काढली. शिक्षण खात्याचे एक अधिकारी स्वतः रस्त्यात उभे राहिले आणि शाळेभोवतालच्या सगळ्या पानठेल्यांच्या फळ्या पडेपर्यंत हलले नाहीत. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्याच दुपारी दहावीतला ललित इंगळे शाळेच्या जिन्यात बेशुद्ध सापडला. त्याच्या खिशात झोपेच्या गोळ्यांचं अर्धं रिकामं पाकीट होतं.

प्रणालीचा फोन आला तेव्हा ज्योत्स्नाबाई तायडे अकोल्याला आपल्या घरी मेथी निवडत बसल्या होत्या. प्रणाली त्या शाळेची समुपदेशक. ज्योत्स्नाबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची खुर्ची तिला मिळाली होती.

"बाई, मुलगा वाचला," प्रणाली म्हणाली. "पण गोळ्या आपल्या पेटीतल्या आहेत."

ज्योत्स्नाबाईंनी मेथी बाजूला सारली.

"मुख्याध्यापक केशवराव सर म्हणतात, त्यानंच पेटी फोडली. उद्या दुपारी त्याच्या आईला बोलावलंय. दाखला हातात देणार. त्यावर शेरासुद्धा लिहिणार आहेत, व्यसनी म्हणून. दहावीचं वर्ष आहे, बाई. असा दाखला बघून कोणती शाळा घेईल त्याला?"

"पेटी फुटली आहे का?"

"नाही. कुलूप नुसतं लटकत होतं."

"ओरखडे?"

"एकही नाही."

"आणि किल्ली?"

"ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. जागच्या जागी."

"मग फोडली कशी म्हणतात?" ज्योत्स्नाबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की खाली अंगणातली शेजारीण वर बघू लागली.

ती पेटी त्यांची होती. त्या नोकरीला लागल्या तेव्हा समुपदेशक हा शब्द लोकांना ठाऊक नव्हता. पालक त्यांना 'वेड्यायची बाई' म्हणत. मुलांच्या खिशात काय काय असतं ते पाहून त्यांनी इतवारा बाजारातल्या एका ट्रंकवाल्याकडून पत्र्याची पेटी करून घेतली. वर फट, बाजूला झाकण, झाकणाला कुलूप. नियम एकच. ज्याच्याजवळ जे असेल ते त्याने आपल्या हाताने फटीतून टाकावं. कोणी नाव विचारणार नाही, कोणी रागावणार नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर सगळं मैदानामागच्या खड्ड्यात जाळायचं.

ही युक्ती त्यांना कोणत्या पुस्तकातून सुचली नव्हती. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, पंचशील म्हटलं आणि घरी येऊन दारूची मडकी अंगणात फोडली. ज्योत्स्नाबाई तेव्हा रांगत होत्या, पण आईने ती गोष्ट शंभरदा सांगितली होती. शेजाऱ्याचं मडकं मात्र वडिलांनी फोडलं नाही. लोक म्हणाले, त्याचंही फोडा. वडील म्हणाले, "ज्याचं त्यानं फोडलं पाहिजे. दुसऱ्यानं फोडलं तर तो नवं आणते."

आता कोणीतरी मुलांनी स्वतः फोडलेली मडकी पुन्हा त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली होती.

२

सकाळी अकोल्याच्या फलाटावर अनुप उभाच होता. तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात तो काम करायचा, आणि गुरुवारी रॅलीत मुलांशी बोलायला गेला होता. ज्योत्स्नाबाईंनी त्याला फोन करून बोलावलं होतं.

"मी नाही येत, बाई," तो म्हणाला. "तुमाले सोडायले आलो फक्त. काल त्या किशोर सरनं सगळ्यांदेखत माहे खिसे उलटे केले. म्हणे, जुना नशेडी हाय, यानंच काढल्या असतीन गोळ्या."

"काय सापडलं?"

"रुमाल अन् तिकीट."

"मग चल. नाही आलास तर ते म्हणतील, पळाला."

गाडी सुटली. खिडकीबाहेर कपाशी गुडघ्याला आली होती. बाईंनी सरळ विचारलं, "तू नशा कशाची करत होतास रे?"

"तुमीच आणलं मले केंद्रात, अन् तुमीच इचारता? गोळ्यायची. याच गोळ्या."

"काल समारोपाच्या आधी तू वर गेला होतास?"

"गेलो होतो. माहे तक्ते वरच्या खोलीत होते."

"पेटी उघडी दिसली असती तर?"

अनुपचा चेहरा लाल झाला. डब्यातली माणसं बघताहेत हे तो विसरला. "तर गोळ्या उचलल्या असत्या! नऊ वर्सं झाली सोडून, पण आजही पाकीट दिसलं का बोटं वळवळतात. खोटं कायले बोलू? पण मंग त्या पोराले एक तरी उरली असती का, बाई?"

बडनेरा यायच्या आधी ज्योत्स्नाबाईंनी एवढंच विचारलं, "काल पोरांना शिकवलं काय?"

"तीन बोटांची तपासणी." त्याने तोंड उघडून तीन बोटं एकावर एक उभी दातांच्या मधे घालून दाखवली. "चांगल्या माणसाची तिन्ही जातात. तंबाखूचा खर्रा खाणाऱ्याचा जबडा आतून आवळत जातो. आधी तिखट सोसत नाही, मंग तोंडच उघडत नाही. पोरायनं लय मजा केली. सर लोकायले म्हणत होते, तुमीही घाला."

"घातली का त्यांनी?"

"किशोर सर हासले. हेडमास्तर तवा खालीच होते."

३

सरकारी दवाखान्यात ललित भिंतीकडे तोंड करून पडला होता. उशाशी त्याची आई इंदूबाई. ती लोकांच्या शेतात निंदायला जाते. आजची मजुरी बुडवून बसली होती. बाईंना पाहिल्याबरोबर ती उठली.

"मारा याले, बाई. माह्या हातानं तं होत नाही."

"मी मारायला आले नाही. ललित, इकडे बघ. गोळ्या कोणाच्या?"

"माह्याच." आवाज भिंतीतून आल्यासारखा आला. "सोमवारी म्याच टाकल्या होत्या पेटीत."

इंदूबाईच्या हातातला पेला थांबला.

"सोमवार, मंगळवार, बुधवार, काहीच घेतलं नाही म्या. काल ग्राउंडवर कार्यक्रम सुरू झाला. माह्यानं बसवेना. हात कापत होते. प्रणाली मॅडमच्या खोलीत जाऊन बसतो म्हणून वर आलो. मॅडम तं खाली होत्या. अन् पेटी..." तो थांबला. "उघडी होती, बाई. झाकण अर्धं उघडं, कुलूप कडीले लटकलेलं. माह्या गोळ्या वरतीच दिसत होत्या. म्या कुलूपाले हात नाही लावला. कोनी मानूनच नाही राहिलं."

"मी मानते," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

आणि त्या खरंच मानत होत्या. किल्ली ऑफिसातून चोरणारा मुलगा वर येईल, पेटी उघडेल. मग पेटी उघडी टाकून किल्ली मात्र शहाण्यासारखी परत ड्रॉवरमध्ये ठेवायला खाली जाईल, आणि पुन्हा वर येऊन गोळ्या खाईल? असं कोणी करत नाही. किल्ली परत ठेवणारा माणूस त्या ड्रॉवरपाशी रोज वावरणारा होता. पेटी लावताना पावलं वाजली असतील, म्हणून कुलूप न दाबताच तो निघून गेला.

पण त्याने नेलं काय? गोळ्या तर मागे ठेवल्या.

शाळेत पोचताच त्यांनी प्रणालीकडून पेटी उघडवली. आत विड्या होत्या, सिगारेटी होत्या, पंक्चरच्या सोल्युशनची एक पिळलेली नळी होती, खोकल्याच्या औषधाची बाटली होती. बाई बराच वेळ बघत राहिल्या. काहीतरी चुकत होतं.

मग त्या दहावीच्या वर्गात गेल्या. "डोळे मिटा सगळ्यांनी. डोकी बाकावर. मीही कोणाचं नाव ध्यानात ठेवणार नाही, तुम्हाला माहीत आहे. या आठवड्यात ज्यांनी पेटीत खर्रा टाकला, त्यांनी हात वर करा."

एक हात वर आला. मागच्या बाकावरून दुसरा. मग मुलींच्या रांगेतूनसुद्धा एक. नववीत तेच झालं.

पेटीत खर्ऱ्याची एकही पन्नी नव्हती.

४

वऱ्हाडात राहून खर्रा माहीत नाही असं पोरगंसुद्धा सापडायचं नाही. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून गरम होईस्तोवर घोटायचा, पन्नीला गाठ मारायची. कागदावर बंदी आहे, आणि ठेल्याठेल्यावर पन्न्या लटकतात. ज्योत्स्नाबाईंच्या तरुणपणी लोक पान खात, तंबाखू चोळत. आठवीतलं पोर खर्रा मागताना त्यांनी तेव्हा पाहिलं नव्हतं. आता लोक याला व्यसनही म्हणत नाहीत. दारू म्हणजे व्यसन. खर्रा म्हणजे सवय.

चोराने विकता येईल ते सोडलं होतं आणि दहा-पाच पन्न्या तेवढ्या नेल्या होत्या. कारण त्या दिवशी, त्याच दिवशी, शाळेभोवती एकही ठेला उघडा नव्हता.

"समारोपाला मैदानात कोण कोण उशिरा आलं?" त्यांनी प्रणालीला विचारलं.

"अनुपदादा तक्ते घेऊन आला. किशोर सर चौकातून पोरं घेऊन मागून आले. आणि केशवराव सर. बाकी सगळे आधीपासून होते."

किशोर सर खेळाचे शिक्षक. ते मैदानाच्या कडेला सावलीत उभे होते, आणि गाल फुगलेला होता.

"या बाई! तपास चालू हाय म्हन्ते," ते म्हणाले, आणि बाजूला जाऊन थुंकून आले. "माह्यावरच संशय असन ना? गावाले माहीत हाय किशोर खाते म्हणून."

"पेटी उघडलीत का तुम्ही?"

"म्या पोरायच्या पन्न्या कायले चोरू?" त्यांनी पॅन्टच्या दोन्ही खिशांतून पन्न्या काढून तळहातावर मांडल्या. "रॅली आठ दिवसापासून माहीत होती. ठेले बंद होणार होते. आदल्या दिशीच साठा करून ठेवला. बायको बोंबलते, पण तिच्यासमोरच ठेवतो कपाटात. चोरीचा मामला नाही आपला."

"लाज नाही वाटत? पोरांसमोर?"

"वाटते तं," किशोर सर म्हणाले आणि पन्न्या पुन्हा खिशात गेल्या.

ज्योत्स्नाबाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण चोर तो नव्हता. उघड खाणारा माणूस बेगमी करतो. लपून खाणाऱ्याला साठवायला जागाच नसते. घरी बायको खिसे बघते, ऑफिसात शिपाई ड्रॉवर बघतो. तो रोजचं रोज आणतो. एक दिवस ठेला बंद पडला की त्याचा जीव कासावीस होतो. चाळीस वर्षं त्यांनी अशी पोरं पाहिली होती, आणि पोरांचे बापही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत केशवराव गावंडे यांनी त्यांचं स्वागत केलं. मागे भिंतीवर तंबाखूमुक्त शाळेचं प्रमाणपत्र. टेबलावर ललितचा दाखला, सही व्हायचा बाकी.

"बसा, बाई. कचोरी मागवलीय, तुमच्या आवडीची." कचोरीबरोबर तळलेली मिरची होती. केशवरावांनी स्वतःसाठी बशीतल्या चहात बिस्किट भिजत घातलं, आणि पार विरघळल्यावर ते चमच्याने ओठांआड सरकवलं.

"तुम्ही नाही घेत?"

"तिखट सोडलं. पित्त वाढतं."

ज्योत्स्नाबाईंनी मिरचीकडे पाहिलं. तरुणपणी हाच केशवराव स्टाफरूममध्ये डबा उघडला की ठेच्याचा गोळा भाकरीवर थापायचा आणि दुसऱ्यांच्या डब्यातलाही मागून घ्यायचा.

"त्या पोराला एक संधी द्या," त्या म्हणाल्या.

"भावनेने शाळा चालत नाही. एक नासका आंबा सगळी पेटी नासवतो."

बाई उठल्या. बाहेर व्हरांड्यात प्रणाली डोळे पुसत होती. "सर तसे वाईट नाहीत हो, बाई. काल समारोपाला त्यांनी माइकसुद्धा मला दिला. शपथही मीच दिली मुलांना. ते नुसते बाजूला उभे राहून मान हलवत होते."

ज्योत्स्नाबाई चालता चालता थांबल्या. "केशवराव? माइक? अधिकारी समोर बसलेले असताना?"

"हो. हातानेच खूण केली, तू बोल म्हणून."

"तोंडाने एक शब्द बोलले का?"

प्रणाली आठवत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

५

दुपारी इंदूबाई आली, पदर घट्ट धरून. ज्योत्स्नाबाईंनी अनुप, किशोर सर आणि प्रणाली यांनाही केशवरावांच्या खोलीत बोलावलं.

"दाखल्यावर सही करण्याआधी दोन मिनिटं द्या," त्या म्हणाल्या. "ललितने पेटी उघडली नाही. उघडणाऱ्याने किल्ली परत जागेवर ठेवली, म्हणजे तो या ऑफिसातला. त्याने गोळ्या सोडल्या, फक्त खर्रा नेला. अनुपने गोळ्या सोडल्या नसत्या. किशोर सरांचे खिसे भरलेले होते. अनुप, कालची तपासणी दाखव बरं. आपण सगळे करू."

अनुपने तीन बोटं घातली. प्रणालीने घातली. ज्योत्स्नाबाईंनी आपली कवळी सांभाळत घातली. किशोर सरांची दोनच गेली. तिसरं ते जोर लावून बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"आता तुम्ही, सर."

"हा काय पोरखेळ लावला!" केशवराव उठले. शब्द दातांच्या फटीतून आले. "मी मुख्याध्यापक आहे या शाळेचा!"

"म्हणूनच."

ते उभेच राहिले. हात टेबलावरून हलला नाही. खोलीतल्या सगळ्यांना कळलं, आणि कोणाला कुठे बघावं ते कळेना.

ज्योत्स्नाबाईंच्या मनात आलं, याला असाच ओढून प्रार्थनेला न्यावा, मैदानात, साऱ्या शाळेसमोर. राग मस्तकात गेला होता. पण माणसाला चारचौघांत नागवं करायचं नाही याच नियमावर त्यांनी ती पेटी उभी केली होती. त्यांनी दार उघडलं. "तुम्ही तिघं बाहेर जा. इंदूबाई थांबेल. बोलणं तिचं आहे."

दार लागल्यावर केशवराव खुर्चीत बसले. त्यांनी एक बोट दातांमधे घातलं. दुसरं गेलं नाही.

"वीस वर्षं झाली," ते म्हणाले. "घरी माहीत नाही. ठेलेवाला सकाळी स्कूटरच्या डिक्कीत टाकतो. काल तो अधिकारी सकाळपासून मागंच होता... डोकं फिरलं माझं. मी गोळ्यांना हात लावला नाही, बाई. मला काय माहीत तो पोरगा..."

"तुमाले माहीत झालं ना मंग?" इंदूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "काल सांजीले माहीत झालं. आज सकाळी माहीत होतं. तरी हा कागद लिवून ठेवला. माह्या पोरानं तीन दिस तोंड दाबून काढले. तुमच्यानं एक दुपार नाही निघाली. अन् व्यसनी कोन? तो?"

केशवरावांनी दाखला उलटा करून ठेवला.

"काहून बोलत नाही, सर? आता तं तोंडात काही नाही."

ज्योत्स्नाबाईंनी दाखला उचलून केशवरावांच्या समोर धरला. "तुमच्या हाताने फाडा. मी फाडला तर तुम्ही नवा लिहाल."

कागद जाड होता. पहिल्या खेपेला फाटला नाही.

"सोमवारी प्रार्थनेला मुलांना सांगायचं," त्या म्हणाल्या. "पेटी कोणी उघडली ते. तुमच्या तोंडानं."

केशवरावांनी मान डोलावली.

६

सोमवारी केशवराव माइकपाशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले की चौकशी पूर्ण झाली, ललित इंगळे निर्दोष आहे. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मुलं काही खुळी नव्हती. मधल्या सुट्टीपर्यंत साऱ्या शाळेला ठाऊक झालं. ज्योत्स्नाबाईंनी संस्थेला सगळं लिहून कळवलं. संस्थेने उत्तर पाठवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात केशवराव शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. नागपूरला त्यांच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली. आता पातळ पेजेवर आहेत म्हणतात. ज्योत्स्नाबाई सत्काराला गेल्या नाहीत आणि दवाखान्यातही गेल्या नाहीत. लोक म्हणाले, आता तरी राग सोडा. त्यांनी सोडला नाही.

किशोर सर अकोल्याला अनुपच्या केंद्रात तीनदा भरती झाले आणि दोनदा पळून आले. तिसऱ्या वेळचं अजून चालू आहे. अनुप त्यांचे खिसे तपासतो, रोज, सगळ्यांदेखत, आणि त्या वेळी दोघेही हसतात.

पेटी वर्षभर रिकामी राहिली. प्रणाली दर शनिवारी उघडायची आणि लावायची. एकदा किल्ली तिने स्वतःच्या गळ्यात घातली. मुलांना तेही पुरलं नाही. शेवटी तिने पेटी भिंतीवरून काढली आणि खोलीचं दार उघडं ठेवून बसू लागली. आता मुलं येतात, पण फार थोडी, आणि खिशावरचा हात न काढता.

ललित त्या शाळेतूनच दहावी झाला. मार्क बेताचेच. निकालाच्या आधी एकदा तो पुन्हा गोळ्यांकडे गेला होता. इंदूबाईने ज्योत्स्नाबाईंना फोन केला आणि रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिली. आता तो अकोल्याला आयटीआयला आहे, वायरमनचं शिकतो. रविवारी बाईंकडे जेवायला येतो. परवा त्याने त्यांच्या स्वयंपाकघरातलं बंद पडलेलं बटण काढलं, वायर सोलली, नवं बसवलं. हात जराही कापत नव्हते. बाई दारात उभ्या राहून ते हात बघत होत्या.

"काय बघून राहिल्या, बाई?" त्याने विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "लाव. दिवा लागतो का बघू."